वॉशिंग मशीन किती वर्षं टिकायला हवं? (आणि घरातलं बाकीचं सामान?)

अवनी_इंदिरानगर | रविवार, रात्री ९:४०

लोकहो, मदत हवी आहे आणि थोडी चिडचिडही काढायची आहे.

आमचं फ्रंट लोड मशीन २०१९ च्या दिवाळीत घेतलेलं, म्हणजे सहा वर्षं झाली. गेले दोन महिने स्पिनला लागलं की ओझरच्या विमान कारखान्यातून सुखोई उडतंय असं वाटतं. खालच्या काकू येऊन विचारून गेल्या, पिठाची गिरणी टाकली का म्हणून. कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटं ड्रम हाताने फिरवला, म्हणाला मॅडम बेअरिंग गेलंय. मी म्हटलं बदला की मग. तर म्हणे बेअरिंग सुटं येत नाही, अख्खा टब (ड्रमभोवतीचं प्लॅस्टिकचं पिंप) बदलावा लागतो, ९,८०० आणि मजुरी वेगळी. वर आवाज खाली आणून अगदी घरच्यासारखं, "सहा वर्षं चाललं ना, पैसे वसूल झाले, आता एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका."

पैसे वसूल?? आईकडे पंचवटीत सेमी ऑटोमॅटिक होतं ते सतरा वर्षं चाललं, शेवटी शेवटी झाकण सुतळीने बांधून चालवायची पण चालवायची. नवरा म्हणतो "आजकाल सहा म्हणजे चांगलंच." हे आजकाल नक्की कधी सुरू झालं?

तर प्रश्न असा: फ्रिज, मशीन, मिक्सर, गीझर, पंखा घेताना तुम्ही मनात किती वर्षं धरता? धरता तरी का? मी दुकानात रंग बघितला, स्टार बघितले, ईएमआय बघितला, हे विचारलंच नव्हतं.

झिरोवॉट | रात्री ९:४८

नवीन घ्या, जुनं ओझरला द्या. त्यांना इंजिनं लागतात.

गोदाकाठची_सून | रात्री १०:१५

आमच्या आजेसासूबाईंचं एकच माप होतं. घरात मोठी वस्तू आली की हळदकुंकू लावायच्या आणि विचारायच्या, "पुढचा सिंहस्थ बघंल का गं ही?" बारा वर्षं. त्याच्या आत गेली तर वस्तू नाही, पाहुणा.

पहिला फ्रिज १९९१ च्या सिंहस्थाच्या आधी घेतला, घरात पंधरा-वीस माणसं उतरणार म्हणून. त्याने २००३ चा पण बघितला. मग २००८ ला गोदेला पूर आला तेव्हा आमचं घर सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला, फ्रिज आडवा होऊन माजघरात तरंगत होता. गाळ काढला, उन्हात वाळवला, लावला, सुरू झाला!! पण वास काही जाईना म्हणून दिला शेवटी. दुसरा २००९ चा, नऊ वर्षांत कॉम्प्रेसर. आता आहे तो तिसरा, त्याच्या दाराचा रबर आत्तापर्यंत दोनदा बदलून झालाय, २०२७ बघतो का बघू.

विनय_प्र | रात्री १०:५२

थोडा विरोधी सूर लावतो, हलकेच घ्या.

"जुन्या वस्तू टिकायच्या" हे आपण म्हणतो कारण ज्या टिकल्या त्याच डोळ्यासमोर आहेत. ज्या तीन वर्षांत मेल्या त्या भंगारवाल्याने नेल्या, त्यांच्या आठवणी कोण काढतो. आमच्याकडे ८० च्या दशकातला मिक्सर होता, त्याच्या इतक्या मोटारी वाइंड केल्या की आतलं मूळचं काय उरलं होतं देव जाणे, पण आई म्हणणार "लग्नातला मिक्सर अजून आहे."

दुसरं, वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते, १९८८ ला फ्रिज घ्यायला सोसायटीतून कर्ज काढलं होतं. एवढी महाग वस्तू माणूस जपणारच. आता बरेच जण महिन्याच्या पगारात फ्रिज घेतात. पैसे कमी दिले तर आयुष्य पण कमी मिळणार, त्यात फसवणूक काय?

तिसरं, जुनं टिकवणं म्हणजे पर्यावरणाचं भलं असं दरवेळी नसतं. सूनबाईंच्या १९९१ च्या फ्रिजमध्ये बहुतेक आर-१२ गॅस असणार, ओझोनला खाणारा, म्हणून तो जगभर बंद करावा लागला. नव्यांत बहुतेक आर-६००ए असतो. आणि पंख्याचा हिशोब करा. जुना पंखा ७५ वॅट, दिवसाला १२ तास, वर्षाला ३२८ युनिट. बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा नवा पंखा) ३० वॅट, १३१ युनिट. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला जवळपास २०० युनिट आपण "टिकाऊपणा"च्या नावाखाली जाळतो. दहा रुपये युनिट धरा, दीड-दोन वर्षांत नवा पंखा फुकट.

तात्या_म्हसरूळ | सोमवार, सकाळी ६:१०

काही फुकट नसतं. तुमचा तो बीएलडीसी तिसऱ्या वर्षी रिमोटसकट मान टाकतो. माझा पंखा १९७९ चा. बिल मी भरतो.

झिरोवॉट | सकाळी ८:३०

तात्या पहाटे सहाला पंख्याखाली बसून टाइप करतायत. नाशिकमध्ये. डिसेंबरात.

इलेक्ट्रो_देवा | सकाळी ११:२०

सिडकोत माझं रिपेरिंगचं दुकान आहे त्यामुळे हे रोजचंच.

@विनय पंख्याचा हिशोब बरोबर आहे पण अर्धा. साध्या पंख्याला काय होतं? कंडेन्सर जातो, ५०-६० रुपयाचा, शेजारचा पोरगा पण बदलतो. बीएलडीसीचा बोर्ड गेला की ६००-८०० आणि तो पण त्याच कंपनीचा त्याच मॉडेलचा लागतो, दोन वर्षांनी मॉडेल बंद मग बसा. मी स्वतः बीएलडीसी वापरतो, चांगला आहे, फक्त घेतानाच एक जादा बोर्ड घेऊन माळ्यावर टाकलाय. तात्या पण बरोबर विनय पण बरोबर.

एलईडी बल्बचं पण तेच. खोक्यावर २५,००० तास. रोज पाच तास लावला तर साडेतेरा वर्षं झाली. कुणाकडे टिकलाय साडेतेरा वर्षं हात वर करा. एलईडी जात नाही हो, त्याला वीज पुरवणारा आतला ड्रायव्हर जातो, त्यातला छोटा कपॅसिटर उष्णतेने फुगतो. बंद काचेच्या शेडमध्ये लावला की अजून लवकर. खोक्यावर आयुष्य लिहितात दिव्याचं आणि मरतं त्याचं काळीज.

आणि फ्रिजच्या दारावरचं स्टिकर बघा, मोठ्ठं १०. खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं, हे १० फक्त कॉम्प्रेसरचं, बाकी सगळं एक वर्ष. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर सहसा जातच नाही, जातो बोर्ड. म्हणजे जे मरत नाही त्याची दहा वर्षांची हमी.

अजून एक, गिऱ्हाइकाचं गणित. नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर खर्च सांगितला की गिऱ्हाईक म्हणतं राहू द्या, नवीनच घेतो. अवनीताई, तुमचं मशीन आज नवीन २८-३० हजाराला असेल ना? टब ९,८००. समजलं का. वीस वर्षं बघतोय, पार्टची किंमत बरोब्बर त्या रेघेवर येऊन बसते, योगायोग म्हणा पाहिजे तर.

रोहन२६ | सोमवार, दुपारी १:०५

इथे सगळे स्वतःच्या घरात राहणारे दिसतायत. मी पाच वर्षांत चार भाड्याच्या घरात राहिलो, दोन पुण्यात दोन इथे, कॉलेज रोडचं तर तिसऱ्या मजल्यावर विनालिफ्ट. माझ्यासाठी टिकणं म्हणजे टेम्पोत टिकणं. मला बारा वर्षांची वस्तू नकोच आहे, मला हलकी हवी आहे आणि ओएलएक्सवर निम्म्या भावात जाणारी हवी आहे. एका ट्रंकेत मावेल एवढा संसार हवा.

गोदाकाठची_सून | दुपारी १:३०

@रोहन लग्न झालं की या धाग्यावर परत ये.

भांडीबाजारातली | दुपारी ३:४५

वीजवाल्या वस्तूंवरच गाडी अडकलीय म्हणून लिहिते. आमचं माहेरचं दुकान भांडी बाजारात, तांब्या-पितळेचं. आजोबांच्या वेळेला "किती वर्षं टिकेल" असा प्रश्नच गिऱ्हाईक विचारत नसे, विचारायचे "मोड काय भावाने घ्याल?" कारण पातेलं कधी मरायचंच नाही. पोचा आला तर तांबट ठोकून द्यायचा, कल्हई गेली तर कल्हईवाला यायचा, भोक पडलं तर डाग द्यायचा, आणि अगदीच नको झालं तर वजन करून मोडीत, त्याच पितळेचं नवं. लेकीला लग्नात घागर द्यायची तीसुद्धा आजीच्या हंड्याच्या मोडीतली असायची.

कल्हई मी लहानपणी दारात बसून बघायचे. भांडं तापवून तापवून लाल व्हायच्या जरा आधी त्यावर नवसागर टाकायचा, पांढरा धूर आणि नाकात झोंबणारा वास, मग कथलाची कांडी एकदाच टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने असा फरकन हात फिरवायचा की काळं भांडं आरशासारखं. पाण्यात टाकलं की चर्रर्र. आता वर्षातून एकदा कल्हईवाला शोधावा लागतो आणि तो म्हणतो मुलगा येत नाही ताई या धंद्यात.

आणि नॉनस्टिक? मी दुकानातच बसून सांगते, दोन वर्षं. तारेची घासणी लावली तर दोन महिने. मोड शून्य. कुणी घेतच नाही.

विनय_प्र | दुपारी ४:२०

@भांडीबाजारातली फार सुंदर लिहिलंय. पण पितळी पातेलं घासायला बाई किती पाणी, चिंच आणि मनगट घालवायच्या तो पण खर्चच ना? आईने स्टील आलं तेव्हा सुटकेचा श्वास सोडला होता.

भांडीबाजारातली | दुपारी ४:४१

हे मात्र शंभर टक्के मान्य. माझ्या घरी स्टीलच आहे :) पितळ शोकेसमध्ये.

तात्या_म्हसरूळ | संध्या. ५:००

म्हणजे सगळे ढोंगी.

कुकरची_शिट्टी | संध्या. ६:१५

मला तो बल्बवाल्या कंपन्यांनी मिळून आयुष्य कमी केल्याचा किस्सा सांगायचा होता...

झिरोवॉट | संध्या. ६:१८

नको. प्रत्येक धाग्यात येतो. त्याचंच आयुष्य कुणीतरी कमी करा.

कुकरची_शिट्टी | संध्या. ६:३१

बरं मग स्वतःचा सांगते. माझा कुकर २००२ चा आहे, आत्तापर्यंत त्याची शिट्टी, सेफ्टी वॉल्व्ह, मूठ आणि अगणित गॅस्केट बदलली. सगळं रविवार कारंज्याजवळच्या एका बोळातल्या दुकानात मिळतं, नुसतं लिटर आणि कंपनी सांगितली की काका न बघता मागे हात घालून काढून देतात. तेवीस वर्षं झाली. कुकरमध्ये असं काय आहे जे मशीनमध्ये नाही?

सातपूरकर | सोमवार, रात्री ९:१०

शिट्टीताईंनी नेमकं विचारलं. काका आहेत हो. आणि गॅस्केट सुटं मिळतं.

अवनीताई, घाई करू नका. सातपूरला मेंटेनन्समध्ये २६ वर्षं काढली. आमच्याकडे १९८४ ची लेथ अजून जॉब काढते. ती काही देवाच्या कृपेने टिकली नाही, दर शनिवारी ऑइलिंग व्हायचं आणि जो पार्ट गेला तो उघडून बदलता यायचा.

तुमच्या मशीनमध्ये आधी बेअरिंग गेलं नाही, आधी सील गेलं. ड्रमच्या मागे शाफ्ट, शाफ्टवर दोन बेअरिंग आणि ड्रमच्या बाजूला एक रबरी सील. ते कडक झालं की साबणाचं पाणी आत झिरपतं, ग्रीस धुवून निघतं, गोळ्या गंजतात, मग तुमचं सुखोई. खात्री करायची तर मशीन बंद करून ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा, खडखड हलला तर बेअरिंगच. मागचं झाकण काढलं तर मधोमध तपकिरी ओघळ दिसेल.

आता बेअरिंग. त्यावर नंबर असतो, बऱ्याच फ्रंट लोडला ६२०५ आणि ६२०६, लहान मशीनला ६२०३-६२०४. ही मापं जगभर एकच, अंबडला कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात काउंटरवर मिळतील, चांगल्या मेकचे दोन मिळून हजाराच्या आत. मग ९,८०० कशाचे? टबाचे. पूर्वी टबाचे दोन अर्धे स्क्रूने जोडलेले असायचे, आता प्लॅस्टिक वेल्ड करून बंद करतात. कंपनीची बाजू पण सांगतो, वेल्ड केलं की स्क्रू वाचले, गॅस्केट वाचलं, लाइनवरचा वेळ वाचला, गळतीची तक्रार कमी झाली. खोटं नाही ते, मीही कारखान्यातलाच माणूस. पण तिथे वाचलेल्या दोन मिनिटांचं बिल सहा वर्षांनी तुमच्या नावावर फाटलं.

वेल्डच्या रेषेवरून टब कापता येतो. हॅकसॉने, शांतपणे, दीड तास. मग कडेने भोकं पाडून स्क्रू आणि मध्ये सिलिकॉन. करणारे आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मधुरा_लिऑन | मंगळवार, दुपारी १२:५०

मूळची नाशिकरोडची, सध्या फ्रान्समध्ये. इथे १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापायची सक्ती आली, दहापैकी. सुरुवातीला मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, फ्रंट लोड मशीन आणि गवत कापायचं यंत्र (का ते विचारू नका); टीव्ही आणि मशीनवर २०२५ पासून त्याऐवजी टिकाऊपणाचे गुण आले. पार्ट मिळतात का, किती वर्षं, काय भावाने, उघडायला किती सोपं, यावर दुरुस्तीचे गुण. दुकानात किमतीच्या शेजारीच चिकटवलेलं असतं, मी मशीन घेताना ८.१ वालं घेतलं, ६.९ वालं स्वस्त होतं.

आणि युरोपात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक पार्ट, मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं द्यावे लागतात. यादीत ड्रम, त्याला मागून धरणारा स्पायडर, बेअरिंग सगळं आहे.

सातपूरकर | दुपारी १:४०

@मधुरा सुटं बेअरिंग, की टबासकट?

मधुरा_लिऑन | दुपारी २:२५

शोधून आले. "सुटे किंवा एकत्र" असं लिहिलंय :( म्हणजे टबासकट दिलं तरी नियम पाळला.

सातपूरकर | दुपारी २:२८

हा हा. वेल्ड तिकडेही पोचलंय तर.

विनय_प्र | मंगळवार, रात्री ८:००

आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला ग्राहक दिनाच्या दिवशी केंद्राने राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात कंझ्युमर ड्युरेबल्स आहेत. कंपन्यांनी मॅन्युअल, पार्टचे भाव, सर्व्हिस सेंटर तिथे टाकायचं. पण टाकलंच पाहिजे असा कायदा अजून नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात उत्पादकावर जबाबदारी आहे, पण ती वस्तू मेल्यानंतरची. मरण लांबवायची जबाबदारी कुणावरच नाही, हे मात्र मला आता पटायला लागलंय. तरी पंख्याच्या मुद्द्यावर ठाम आहे.

अवनी, १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकून बघ. वॉरंटी संपल्यावर फार हाती लागणार नाही, पण नोंद राहते.

रोहन२६ | रात्री ८:४०

अवांतर: सातपूरकर काका, गीझरमध्ये तो जो रॉड असतो तो खरंच बदलायचा असतो का? आमच्या घरमालकाने आठ वर्षांत उघडलेला नाही.

सातपूरकर | रात्री ९:०५

मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड. टाकीऐवजी तो गंजून घेतो, म्हणून टाकी वाचते. बोअरचं पाणी असेल तर दर एक-दोन वर्षांनी बघायचा. आठ वर्षांत तिथे नुसती तार उरली असेल. वस्तूचं वय विचारतात सगळे, रॉड कुणी बघत नाही.

तात्या_म्हसरूळ | रात्री ९:३०

मी दरवर्षी बदलतो.

झिरोवॉट | रात्री ९:३१

तात्या तुम्ही बंबवाले ना?

तात्या_म्हसरूळ | रात्री ९:५०

बंबाला चिंच लावतो दरवर्षी. तेच ते.

अवनी_इंदिरानगर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४:१५

धागा वर काढतेय, शेवट सांगायचा राहिला होता.

सातपूरकरांनी सांगितलेल्या अंबडच्या माणसाकडे मशीन टेम्पोत घालून नेलं (@रोहन, टेम्पोत टिकलं). मी मुद्दाम तिथे थांबले. पत्र्याची शेड, एका बाजूला कुठल्या तरी कंपनीचे गिअर धुवायला ठेवलेले आणि मध्ये स्टुलावर आमचा टब. त्याने मार्करने वेल्डवर रेघ मारली आणि खरंच हॅकसॉने कापायला लागला, माझ्या पोटात गोळा. कापून वेगळा केला तर मागचं बेअरिंग, अहो बेअरिंग कसलं, लालभडक चिखल. त्यात गोळ्या मोजून सहा उरल्या होत्या, बाकी काय झाल्या ते कळलं नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. ड्रमच्या पाठीला तीन पायांचा अ‍ॅल्युमिनियमचा स्पायडर असतो, त्याचा एक पाय नखाने टोकरला तर पांढरी पूड पडली, शिळ्या भाकरीसारखी. म्हणाला अजून वर्षभरात तुटला असता आणि ड्रम फाडून बाहेर आला असता. कारण विचारलं तर आमचीच चूक: बोअरचं पाणी, साबण मापापेक्षा जास्त आणि धुणं झालं की दार गच्च बंद. आत ओल आणि साबणाचा थर तसाच राहतो, स्टीलच्या ड्रमला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम त्यात झिजत जातं. सहा वर्षं मी रोज दार नीट लावायचे, छान दिसतं म्हणून.

हिशोब: दोन बेअरिंग ७४०, सील ३५०, स्पायडर (कुठून तरी जुन्या मशीनचा मिळवला, त्याला आठवडा गेला) १,६००, मजुरी २,५००, टेम्पो येऊन-जाऊन ९००. एकूण ६,०९०. कंपनीच्या निम्म्याहून कमी असं मी घरी सांगणार होते, तसं काही झालं नाही, नवरा हसतोय. शिवाय तीन आठवडे हाताने चादरी पिळल्या ते वेगळंच. पण कंपनीने नवा टब दिला असता तर तोही वेल्ड केलेलाच आला असता, हे मी त्याला रोज एकदा सांगते.

आता टबाला चोवीस स्क्रू आहेत. पुढच्या वेळी कापायला नको, उघडायचं.

इलेक्ट्रो_देवा | दुपारी ४:५०

६,०९० म्हणजे रेघेच्या खाली. झालं की.

भांडीबाजारातली | संध्या. ५:१०

चोवीस स्क्रू हे वाचून फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

सातपूरकर | संध्या. ६:००

आवाज?

अवनी_इंदिरानगर | संध्या. ६:१२

काहीच नाही. काकू परत वर आल्या, म्हणाल्या गिरणी बंद केली का, आम्ही दळण आणणार होतो.

गोदाकाठची_सून | संध्या. ६:३०

म्हणजे २०२७ बघेल!

अवनी_इंदिरानगर | संध्या. ६:३४

बघेल. पण पर्वणीला तुमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांचे टॉवेल तुमचे तुम्ही धुवा.

सातपूरकर | संध्या. ६:४०

आणि दार उघडं ठेवा.